बांधावरची सायकल

सायकल ही आमच्या घरात कधी हौसेची वस्तू नव्हती. वडिलांनी ती घेतली ती साखर कारखान्यावर कामाला जाण्यासाठी, आणि आम्ही तिच्यावर हाफ पॅडल मारायला शिकलो ते गिरणीवरून दळण आणण्यासाठी. त्यामुळे नुसती हवा खाण्यासाठी माणूस सायकलवर बसतो, आणि तेही रेल्वेचे भाडे भरून परमुलखात जाऊन, असे वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते. पण २०२४च्या जानेवारीत नेमके हेच आमच्या हातून घडले. त्याची हकिकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त दोन. एक म्हणजे डॉक्टरांनी आमच्या रक्तातली साखर पाहून मान हलवली आणि "टेबलामागून उठा" असे सांगितले. दुसरे निमित्त आमची मुलगी. ती भूगोल घेऊन बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. केरळात कुट्टनाड नावाचा मुलूख आहे, तिथे पंपा, मीनच्चिल, मणिमला आणि अच्चनकोविल या चार नद्या वेंबनाड सरोवराला मिळताना गाळाचा त्रिभुज प्रदेश करतात, आणि तिथली भातशेती समुद्राच्या पातळीच्या खाली आहे, असे तिने जेवताना सांगितले. "खाली म्हणजे?" आम्ही विचारले. "खाली म्हणजे खाली, पप्पा. एक-दोन मीटर, कुठे त्याहूनही जास्त. समुद्र वर, शेत खाली. मध्ये बांध. त्या बांधांवरून सायकल चालवता येते, कारण तिथे मोटार पोहोचतच नाही."

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. समुद्र वर आणि शेत खाली हा हिशेब आमच्या डोक्यात बसेना. शेवटी प्रवास सवलतीचा अर्ज केला, कुर्ल्याहून नेत्रावती एक्सप्रेस पकडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघे आलप्पुळा स्टेशनवर उतरलो. तिघे म्हणजे आम्ही, पत्नी आणि मुलगी. पत्नी अंगणवाडी सेविका आहे. तिने लग्नानंतर, नोकरी लागल्यावर, पदर खोचून सायकल शिकली आणि खरे सांगायचे तर ती आमच्यापेक्षा चांगली चालवते.

सायकली भाड्याने घेतल्या. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सरकारी बोटीच्या धक्क्याजवळून निघालो. कालव्याच्या पलीकडे जायला एका लहान होडीत तिन्ही सायकली आडव्या घातल्या. नावाड्याने एका हाताने वल्हे धरले आणि दुसऱ्या हाताने आमची सायकल सांभाळली. आम्हाला पोहता येत नाही, हे त्याने आमच्या चेहऱ्यावरून ओळखले असावे.

पलीकडे उतरलो आणि हिशेब एका क्षणात डोक्यात बसला. बांधाची वाट चार-पाच हात रुंद. डाव्या हाताला कालव्याचे पाणी, आमच्या चाकापासून जेमतेम वीतभर खाली. उजव्या हाताला हिरवेगार भात, पण ते इतके खोल की बांधावरून त्याच्याकडे विहिरीत वाकून पाहावे तसे पाहावे लागते. एका भल्या मोठ्या परातीच्या काठावरून आपण चाललो आहोत आणि परातीच्या बाहेर सगळे पाणी आहे, असे वाटते. परात कोरडी राहिली आहे ती केवळ काठामुळे.

सुरुवातीचा तुकडा लाल मुरूम आणि बारीक खडी टाकून दाबलेला होता. पुढे कुठे सिमेंटचा पट्टा, कुठे नुसती माती. खडीवर चाक चालताना जो कर्र-कर्र आवाज येतो, त्याखेरीज कसलाही आवाज नाही. हॉर्न नाही, धूर नाही, मागून येऊन कोणी शिवी देत नाही. आम्ही रोज ज्या स्टेशनरोडने ऑफिसला जातो, तिथे रस्ता ओलांडणे हेच मोठे धाडस. इथे समोरून काय येते, तर बदकांचा कळप, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, फार तर दुसरी सायकल. समोरचा माणूस उतरतो, आपण उतरतो, दोघे हसतात, आपापल्या वाटेने जातात. तारेवर खंड्या बसलेला, खाजणात पाणकावळे पंख पसरून वाळवत उभे, वर तांबड्या अंगाची आणि पांढऱ्या डोक्याची घार. चढ नाही, उतार नाही. एका तासात आमच्या पायांना इतके सुख लागले की साखर बिखर सगळे विसरलो. ज्यांनी कधी सायकल चालवली नाही त्यांना हे सुख शब्दांत सांगता येणार नाही, आणि ज्यांनी चालवली आहे त्यांना सांगायची गरज नाही.

मात्र सपाट मुलखाचा चढ म्हणजे वारा. सकाळी तो नसतो. दुपारी समुद्राकडून सुटतो, आणि पश्चिमेकडे तोंड करून परत येताना असे वाटते की कोणी छातीवर हात ठेवून मागे लोटते आहे. नव्या माणसाने हे लक्षात ठेवावे आणि परतीची वाट लवकर धरावी.

त्या खडीच्या आवाजाने आम्हाला मध्येच आईची आठवण झाली. १९७२च्या दुष्काळात आमची आई चौदा वर्षांची होती. बीड जिल्ह्यात सरकारी कामावर तिने खडी फोडली, पाझर तलावाच्या बांधावर घमेली वाहिली, सुकडी खाल्ली. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर हातोडीची खूण आजही आहे. खडीचा रस्ता म्हटला की आम्हाला आधी तो अंगठा दिसतो. असो.

जे व्हायचे ते झालेच. वाटेत पाणी सोडण्याची एक मोरी होती. तिच्यावर दोन फळ्या टाकलेल्या. पत्नी उतरून गेली, मुलगी उतरून गेली. आम्हाला वाटले, फळीवरून सायकल काढता येईल. पुढचे चाक दोन फळ्यांच्या फटीत गेले आणि आम्ही उजवीकडे, म्हणजे सुदैवाने शेताच्या बाजूला, चिखलात बसलो. गुडघ्यापर्यंत. चिखल इतका चिकट की एक बूट आतच राहिला.

शेजारीच पंपाची शेड होती. तिथून एक म्हातारे गृहस्थ आले, सत्तरीच्या पुढचे, कमरेला मुंडू, अंगावर काही नाही. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून आमचा बूट काढला, कालव्यात धुतला आणि आमच्या हातात दिला. मग पोटभर हसले. त्यांची नात नववीत. केरळच्या शाळांत हिंदी शिकवतात, त्यामुळे तिने आम्हाला "आप यहाँ बैठिए, कृपया" असे अगदी पुस्तकी हिंदीत सांगितले आणि दुभाषाचे काम आपणहून अंगावर घेतले. काळा चहा आला, केळ्याची भजी आली. पुढचे दोन तास आम्ही सायकलवर नव्हतो. सहलीचा खरा भाग तोच.

आम्ही विचारले, हे एवढे पाणी शेतात येत कसे नाही? आजोबांनी पंपाकडे बोट दाखवले. तिथे त्याला पेट्टी आणि परा म्हणतात. लाकडाची उभी नळकांडी, तिच्यात फिरणारे पाते, आणि पाणी बाहेर फेकणारी लांबट पेटी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही यंत्रे इंजिनावर आली, पुढे विजेवर. एका बांधाच्या आतली सगळी शेते मिळून एक पाडशेखरम् होते. त्याची समिती असते. पेरणीच्या आधी सगळ्यांचे पाणी एकदमच उपसावे लागते, कारण एकट्याचे शेत कोरडे करता येत नाही. आमच्या मनात लगेच प्रश्न आला की वीजबिल कोण भरते? उपशाला सरकारची मदत मिळते आणि कामाचा लिलाव होतो, असे कळले. पत्नी म्हणाली, "सहलीला आलात की ऑडिटला?"

मग आम्ही विचारले, इंजिन येण्याआधी काय होते?

आजोबा उठले. बांधाच्या कडेला बसले आणि हवेत पाय मारू लागले. एक खाली, एक वर, एक खाली, एक वर. सायकलवर बसल्यासारखे. नात म्हणाली, "चक्रम्." लाकडाचे मोठे चाक, त्याला पाती. लहान चाकाला चार, मोठ्याला वीस-चोवीसपर्यंत. चाकाच्या वर बांबूची बैठक. तिच्यावर गडी ओळीने बसायचे आणि पायाने पाती दाबत दाबत शेतातले पाणी बांधाबाहेर फेकायचे. दिवसा, रात्री, पाळ्या लावून, कित्येक दिवस. हात टेकायला आडवा बांबू. झोप येऊ नये म्हणून गाणी. आजोबांच्या वडिलांनी हे काम केले, आणि आजोबांनी लहानपणी ते पाहिले. वडिलांच्या तळपायाला भेगा पडून पडून तो शेवटी लाकडासारखा झाला होता, असे त्यांनी सांगितले.

आमची सायकल बांधाला टेकून उभी होती. तिच्या पॅडलवर आमच्याच बुटाचा चिखल वाळत होता.

बांध कसा झाला, तेही त्यांनी हातवारे करून दाखवले. सरोवराच्या तळात नारळाच्या खोडांचे खांब दोन ओळींत ठोकायचे. त्यांना बांबूचे तट्टे बांधायचे. मधल्या पोकळीत वाळू, फांद्या, पाला आणि चिकणमाती भरायची. ही चिकणमाती येते कुठून? पाण्याच्या तळातून. माणसे बुडी मारून ती हातांनी उकरून वर आणत आणि होडीत टाकत. आपण मैलोन्मैल ज्याच्यावरून घंटी वाजवत गेलो, तो बांध असा ओंजळी-ओंजळीने भरलेला आहे. कुट्टनाडच्या गाळात स्वतःचा दगड नाही. जो दिसतो तो पूर्वेच्या डोंगरांकडून आणलेला. सरोवर हटवून केलेल्या या जमिनींना ए, बी, सी, डी अशी टी पर्यंत नावे आहेत, आमच्या कार्यालयात फायलींना देतात तशी. १९४०च्या दशकात जोसेफ मुरिक्कन या मोठ्या जमीनदाराने काढलेल्या तीन जमिनींना मात्र त्रावणकोरच्या राजघराण्यावरून चित्तिरा, मार्तांडम् आणि राणी अशी नावे मिळाली. जमिनीवर नाव राजाचे, इतिहासात नाव जमीनदाराचे. बुडी मारणाऱ्याचे नाव कोठेही नाही.

बुडी मारणारे कोण, हे आम्ही विचारले नाही. आजोबांनीच सांगितले. "पुलयर," ते म्हणाले, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. आम्हीही आमच्या छातीवर हात ठेवला आणि आमचे नाते सांगितले. दुभाषी मुलगी दोघांकडे पाहत राहिली. तिथे भाषांतराची गरज पडली नाही.

वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल, पण सांगतो. त्रावणकोरात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८५५ साली. तोवर पुलया माणूस जमिनीबरोबर विकला जाई. त्यानंतरही सार्वजनिक रस्त्यावर पाय ठेवण्याची त्याला मुभा नव्हती. म्हणून १८९३ साली अय्यनकाळींनी बैलगाडी विकत घेतली आणि बंदी झुगारून ती राजरस्त्याने हाकली. आणि याच वेंबनाडच्या काठावर, उत्तरेकडे, वैकम आहे. तिथल्या मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून नुसते चालता यावे म्हणून १९२४ ते १९२५ सत्याग्रह चालला. शेवटी तीन बाजूंचे रस्ते सर्वांना खुले झाले, पूर्वेचा तेवढा राखून ठेवला. ज्यांनी पाण्यातून रस्ता वर काढला, त्यांनाच रस्त्यावर येऊ देत नव्हते. बांध फुटण्याला तिथे मडा पडणे म्हणतात. मडा बुजेना तेव्हा त्यात पुलया गड्याला जिवंत गाडत, अशी कथा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. आजोबांनीही ती सांगितली. नातीने तिचे भाषांतर करताना मान खाली घातली होती. खरेखोटे इतिहासकार ठरवतील. पण बांधाकडे पाहताना ज्या माणसांना ही गोष्ट आठवते, त्यांचा बांध आणि सहलवाल्यांचा बांध एक नाही, एवढे आम्हाला कळले.

पुढे जमीनसुधारणा आल्या. १ जानेवारी १९७० पासून केरळात कुळपद्धत मोडली आणि कसणारी कुळे मालक झाली. पण पुलया हा कूळ नव्हता, मजूर होता. त्याला मिळाली घराखालची जागा, खेड्यात दहा सेंट. आम्ही लगेच हिशेब केला. दहा सेंट म्हणजे आपले चार गुंठे. चित्तिरा, मार्तांडम् आणि राणी या जमिनी १९७०च्या दशकात सरकारने घेऊन भूमिहीनांना वाटल्याही, पण बांधाचा आणि उपशाचा खर्च लहान माणसाला झेपेना, आणि त्यातल्या बऱ्याच जमिनी वर्षानुवर्षे पडीक राहिल्या. सातबारा नावावर झाला, पंप झाला नाही. हे आपल्याकडच्या गायरानांच्या बाबतीत पाहिलेल्यांना नवे वाटणार नाही.

२०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने इथल्या या शेतीला जागतिक महत्त्वाचा वारसा म्हणून मान दिला. २०१८च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. बांध फुटले आणि लाखाहून अधिक माणसांना कुट्टनाड सोडून छावण्यांत जावे लागले. आजोबांचे चार गुंठेही पाण्याखाली गेले. ते घरचे एक दार दाखवत होते, त्याच्यावर पाण्याची रेघ छातीएवढ्या उंचीवर होती. रंग दिला तरी ती उमटते, म्हणाले.

आमची पत्नी तोवर शेडच्या पायरीवर बसून बायकांशी खुणांनी बोलत होती. तिने नातीला हाक मारली आणि तिच्या सवयीचा प्रश्न विचारला, "इथे बाळंतपणाला बाई कशी नेतात?"

"नाव से," मुलगी म्हणाली.

"आणि रात्री?"

"रात को भी नाव से. नाव मिलना चाहिए."

मग ती मुलगी आपणहून बोलू लागली. शाळेला बोट, बाजाराला बोट, दवाखान्याला बोट. पावसात बोट उशिरा आली की पहिला तास बुडतो. तिला इथे काय हवे असेल, तर पूल. पूल झाला की रिक्षा येईल, मोटार येईल. तिच्या वर्गातल्या दोन मैत्रिणींचे आईवडील याच कारणाने घर सोडून शहरात गेले, असेही ती म्हणाली.

सकाळपासून आम्ही तिघे ज्या गोष्टीचे कौतुक करत होतो, ती म्हणजे इथे मोटार येत नाही. आम्हाला काय बोलावे ते सुचेना. आमची मुलगी भूगोलाची विद्यार्थिनी. ती म्हणाली, "पण पूल झाले, भराव पडले, तर पाणथळ जागा मरेल. १९७०च्या दशकात तण्णीरमुक्कमला खारे पाणी अडवायला बंधारा घातला, तेव्हापासून मासे कमी झाले आणि जलपर्णी माजली." हे खरे आहे. ती जलपर्णी आम्ही सकाळीच पाहिली होती, होडी त्यात अडकली होती. वेंबनाड २००२ पासून रामसर यादीत आहे, हेही तिने सांगितले. पण पत्नीने तिला मध्येच थांबवले. "आपण दोन दिवस सायकल फिरवायला येणार, म्हणून हिने पूल मागायचा नाही का?" यावर मायलेकींचे बरेच चालले. परतीच्या वाटेवर वारा तोंडावर घेत घेतही चालले. आमचे मत विचाराल तर पत्नीच्या बाजूला थोडे अधिक झुकते आहे. पण मुलगी चूक बोलत होती असेही आम्हाला म्हणता येत नाही.

निघताना आजोबांनी आमच्या सायकलचे मागचे चाक उचलून हाताने पॅडल फिरवून पाहिले. चाक बराच वेळ फिरत राहिले. त्यांनी नातीला काहीतरी सांगितले. ती म्हणाली, "दादाजी कहते हैं, यह बहुत हल्का है."

घरी आलो. बूट पिशवीत तसाच बांधून आणला होता, त्याचा चिखल वाळून कवचासारखा झाला होता. आई गॅलरीत बसली होती. तिने बूट हातात घेतला, नखाने एक ढेकूळ काढले, बोटांत चुरडले, थोडे पाणी लावून पुन्हा मळले. पाझर तलावाच्या बांधावर मुकादमापुढे माती पारखायची तिची सवय अजून गेली नाही.

"धरून ऱ्हाती ही," ती म्हणाली. "खडा न्हाई हिच्यात. पर उन्हानं चिरा पडत असत्याल. दर साली लिंपाय लागत आसंल."

लागते, असे आम्ही सांगितले. पेरणीच्या आधी दरवर्षी बांध दुरुस्त करावा लागतो.

"आन् हजेरी किती देत्यात?"

वीजबिल, समिती, लिलाव, सेंटचे गुंठे, सगळे आम्ही विचारून, लिहून आणले होते. हजेरी विचारायची राहून गेली होती.